फुटास सात मिलिमीटर

वार्धक्यांत माणसानें वेळ कसा घालवावा यासंबंधीं आपल्या शास्त्रकारांनीं पुष्कळ लिहून ठेविलें आहे. परंतु त्यांत मोटारींचें गॅरेज बांधावें असा उपदेश कोठें आमच्या वाचनांत आला नाहीं. तरीहि २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्हीं तें बांधलें. वाचकांनीं दचकूं नये. आमचें गॅरेज पुस्तकांच्या कपाटावर उभें असून त्याची लांबी-रुंदी वहीच्या एका पानाएवढी आहे. मात्र एवढ्याशा त्या जागेंत आमची पन्नास वर्षांची एक थकबाकी कशी निघाली, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच.

प्रकार असा घडला. आमचा बारा वर्षांचा नातू सुटीसाठीं पुण्याहून आमच्याकडे आला, तेव्हां त्याच्या पिशवींत कपड्यांपेक्षां खेळण्यांतल्या मोटारीच अधिक निघाल्या. ‘खेळण्यांतल्या’ हा आमचा शब्द. त्याला तो मुळींच खपत नाहीं. तो त्यांना ‘मॉडेल’ म्हणतो, त्यांवर ब्रश फिरवितो आणि त्या कोणास हातांत घेऊं देत नाहीं. त्या ताफ्यांत एक पांढरी अँबॅसडर होती. लांबी चार इंच. पण तें वाटोळें कपाळ, ते दोन भोळे डोळे, ती पुढची जाळी, सारें जसेंच्या तसें. ती पाहून आम्हांस जुनी सोयरी भेटल्यासारखें वाटलें. १९५७ च्या सुमारास बंगालमधील उत्तरपाडा येथें ही गाडी तयार होऊं लागली आणि २०१४ सालीं तो कारखाना थांबला. मधल्या काळांत आमच्या शहरांतून वेरूळ-अजिंठ्यास जाणारे कितीतरी देशी-परदेशी प्रवासी याच गाडींतून गेले.

“आजोबा, ही उघड्यावर धूळ खाते. हिला गॅरेज पाहिजे,” नातू म्हणाला.

“आपल्या घरांत एक गॅरेज होतें,” आम्ही सहज बोलून गेलों. “तुझ्या मोठ्या आजोबांचें. तेंच करूं.”

बोलून गेलों खरें. पण त्या वाक्याचें वजन त्या क्षणीं आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

पहिला प्रश्न मापाचा आला. मोटारीच्या पेटीवर १:४३ असें प्रमाण छापलेलें होतें. चाळीस नाहीं, पन्नास नाहीं, त्रेचाळीसच कां, असें चिरंजीवांनीं विचारलें. जन्मभर इतिहास शिकविलेल्या मास्तरास असला प्रश्न टाळून चालत नाहीं. शोध करतां कळलें तें असें, कीं इंग्लंडांत खेळण्यांतल्या आगगाड्या करणारांनीं खऱ्या एका फुटास सात मिलिमीटर असें प्रमाण धरिलें होतें. फूट म्हणजे जवळ जवळ ३०५ मिलिमीटर. त्यास सातानें भागिलें कीं साडेत्रेचाळीस येतात. त्या आगगाड्यांच्या स्टेशनाबाहेर उभ्या करावयास म्हणून १९३३ सालीं मेकॅनो कंपनीनें लहान मोटारी काढिल्या, आणि पुढच्याच वर्षीं त्यांना ‘डिंकी’ हें नांव मिळालें. पुढें मोटारींचा छंद आगगाड्यांपासून वेगळा झाला, पण प्रमाण तेंच राहिलें. १९५३ सालीं ‘मॅचबॉक्स’ या नांवाच्या मोटारी निघाल्या, त्यांच्या उगमाची कथा तर मोठी गोड सांगतात. त्या कंपनीच्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेंत, आगपेटींत मावेल एवढेंच खेळणें आणण्याची मुभा होती. म्हणून बापानें तिला रस्ता दाबण्याचा एक पितळी रोलर आगपेटीच्या मापाचा करून दिला. मुलांच्या हट्टांतून कारखाने उभे राहतात, तर आमच्याकडून एक गॅरेज उभें राहावयास काय हरकत होती?

तेव्हां आमच्या बांधकामाचा कायदा ठरला : फुटास सात मिलिमीटर. तीस फूट लांब व वीस फूट रुंद गॅरेज म्हणजे २१० मिलिमीटर बाय १४०. सात फुटांचें दार ४९ मिलिमीटर. साडेपांच फुटांचा माणूस साडेअडतीस मिलिमीटर, म्हणजे आमच्या करंगळीहूनहि कमी. नातवानें हें कोष्टक भिंतीवर चिकटविलें आणि त्यास सोडून वागण्याची आम्हांस सक्त मनाई केली.

या प्रकारास इंग्रजींत ‘डायोरामा’ म्हणतात. हा शब्द १८२२ सालीं पॅरिसमध्यें दागेर यांनीं प्रकाशाच्या युक्तीनें पालटणारीं प्रचंड चित्रें दाखविलीं, तेव्हांपासून रूढ झाला. शब्द परका असला तरी वस्तु आपल्याला परकी नाहीं. गौरीपुढची आरास, गणपतीपुढचा देखावा, दिवाळींत अंगणांत मातीचा किल्ला करून त्यावर हळिवाचें रान उगविणें, हीं सारीं त्याचींच रूपें. आमच्या शहरापासून तीस किलोमीटरांवर असलेलें कैलास लेणें पाहावें. आठव्या शतकांत राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं कोरलेल्या त्या देवळाच्या शिखरावर मजल्यामजल्यानें लहान लहान देवळांच्या रांगा आहेत. मोठी वस्तु लहान करून डोळ्यांपुढें ठेवावी ही हौस या दगडाला तेव्हांपासून ठाऊक आहे. आणि अलीकडचें उदाहरण हवें असेल तर पुण्यास कोथरूड भागांत भाऊ जोशी यांनीं उभारलेलें लहान आगगाड्यांचें संग्रहालय आहे. १९९८ सालीं तें लोकांस खुलें झालें. नातवानें तें दोन वेळां पाहिलेलें असल्यामुळें, तेथील गाड्यांचें माप आमच्या मापाच्या निम्में, म्हणजे फुटास साडेतीन मिलिमीटर, हेंहि आम्हांस ऐकून घ्यावें लागलें.

कामास आरंभ झाला. तळाला प्लायवुड, भिंतींना सनबोर्ड, चिकटवावयास फेव्हिकॉल. लोखंडी शटर पाहिजे होतें, तें बिस्किटांच्या पुड्यांतल्या नागमोडी पुठ्ठ्याचें झालें. त्यावर राखी रंग बसतांच तो पुठ्ठा आहे हें कोणी ओळखीना. झालेल्या बॉलपेनाच्या नळीचे तुकडे करून ऑइलचे पिंप केले. टांचण्या ठोकून चपट्या केल्या, त्यांचे पाने झाले. पत्र्यावरचा गंज गेरू आणि चहाचा काढा यांनीं साधला. या कामीं सौ.नीं आपली गाळणी दिली. ती परत मागितली नाहीं, यावरून तिची स्थिति वाचकांच्या ध्यानांत येईल. आठ दिवसांत गॅरेज उभें राहिलें. भिंती स्वच्छ पांढऱ्या, फरशी गुळगुळीत, पाने उतरत्या भांजणीनें भिंतीवर टांगलेले. आम्ही आपल्या कामावर फार खूष झालों.

परंतु या आठ दिवसांत एक गोष्ट आम्हांस मनांतल्या मनांत टोंचत होती. नातू विचारी, “आजोबा, टेबल कोणत्या भिंतीला होतें?” “खिडकी होती का?” “आणि मोठे आजोबा कुठें बसत?” आम्ही कांहीं तरी ठोकून देत असूं. खरें उत्तर असें होतें, कीं आम्हांस ठाऊकच नव्हतें. तें गॅरेज आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतें. १९६६ पासून १९९८ पर्यंत तें चाललें. आणि त्या बत्तीस वर्षांत आम्हीं त्याचा उंबरा क्वचितच ओलांडला असेल. आम्ही बाहेर सायकलीवर एक पाय टेकून उभे राहत असूं. हांक मारीत असूं. आणि अण्णा हात पुसत पुसत बाहेर येत असत.

अण्णा म्हणजे आमचे वडीलबंधु. १९६२ सालीं वडील वारले तेव्हां ते कॉलेजांत पहिल्या वर्षाला होते आणि आम्ही शाळेंत. चार तोंडें होतीं आणि शेतीवाडी कांहीं नव्हती. अण्णांनीं कॉलेज सोडलें व एका मोटारदुरुस्तीच्या दुकानांत उमेदवारी धरिली. चार वर्षांनीं स्वतःचें गॅरेज थाटलें. नातेवाईकांत कुजबूज झाली. ब्राह्मणाच्या मुलानें कारकुनी करावी, मास्तरकी करावी. फार तर दुकान घालावें. पण गाडीखालीं उताणें पडून तेलांत हात बरबटून घ्यावेत? अण्णांनीं हें ऐकून घेतलें आणि त्याच तेलाच्या हातांनीं आमची फी भरली. आम्ही एम. ए. झालों, कॉलेजांत लागलों.

आणि येथें आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. आम्ही वर्गांत श्रमाच्या प्रतिष्ठेवर तासच्या तास बोलत असूं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, पुढें लोखंडी नांगर घडविला, १९१० सालीं माळरानावर किर्लोस्करवाडी वसविली, हें सांगतांना आमचा आवाज चढत असे. परंतु १९७६ सालीं आमच्या लग्नाचें घाटत असतां मुलीचे वडील घर पाहावयास आले व त्यांनीं विचारलें, “आपले बंधु काय करतात?” तेव्हां आम्ही म्हणालों, “त्यांचा मोटारींचा व्यवसाय आहे.” हें खोटें नव्हतें, म्हणूनच तें आम्हांस इतक्या सहजपणें बोलतां आलें. अण्णा पलीकडच्या खोलींत होते. लग्नानंतर आठ दिवसांत सौ.ना सारें कळलें आणि त्यांना त्याचें कांहींच वाटलें नाहीं. ज्यांना वाटलें होतें ते आम्हीच एकटे. त्या लग्नाचा एक फोटो आमच्याजवळ आहे. त्यांत अण्णा कोट घालून, दोन्ही हात खिशांत घालून उभे आहेत. आमच्या मनांत असे, कीं त्या दिवशीं त्यांना थोडी ऐट करावीशी वाटली असेल.

शेवटीं नातवाच्या प्रश्नांनीं आम्हांस घराबाहेर काढलें. गॅरेजांत अण्णांच्या हाताखालीं पोरवयापासून काम केलेले एक मिस्त्री जुन्या शहरांत राहतात. अण्णा २००४ सालीं गेले, त्यानंतर आमची त्यांची भेट नव्हती. आम्ही पत्ता विचारीत विचारीत गेलों. त्यांनीं एकदम ओळखलें, चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते आमच्याकडे आले.

मिस्त्रींनीं चष्मा लावला, वांकून आमची कलाकृति बराच वेळ पाहिली, शटर नखानें वर-खालीं करून पाहिलें. मग म्हणाले, “प्रोफेसरसाब, काम तर एक नंबर झालंय. पण खड्डा कुठंय?”

“कसला खड्डा?” आम्हीं विचारलें.

त्यांनीं आमच्याकडे क्षणभर पाहिलें. “गाडी खालून बघायची तर कुठून बघणार? मधोमध खड्डा होता. गाडी त्याच्यावर उभी करायची आन् आपण खाली उतरायचं. उस्तादांचा निम्मा जन्म त्याच्यात उभं राहून गेला.”

बाहेर सायकलीवर पाय टेकून उभ्या राहणाऱ्यास तो खड्डा दिसण्याचें कारण नव्हतें. त्यावर नेहमीं गाडी उभी असे. आम्हांस दिसत असत ते गाडीमागून वर येणारे अण्णा. ते कोठून वर येतात हें आम्हीं कधीं पाहिलें नव्हतें.

मग मिस्त्री बोलत गेले आणि नातू लिहून घेत गेला. खड्डा दहा फूट लांब, अडीच फूट रुंद, साडेचार फूट खोल. उतरावयास पांच पायऱ्या. बाजूला विटांच्या भिंतींत एक कोनाडा. त्यांत हाताचा दिवा आणि घासलेटचा डबा. डावीकडे बाभळीच्या फळ्यांचें टेबल, त्यावर शेगडा. वर लोखंडी तुळई आणि तिला इंजिन उचलावयाची साखळीची कप्पी. भिंती पांढऱ्या? हें ऐकून मिस्त्री हंसले. कमरेपर्यंत काळ्या, आणि वर धुरकट. वेरूळच्या वाटेवरचा दौलताबादचा घाट चढून गरम झालेल्या टूरिस्ट गाड्या संध्याकाळीं रांगेनें येत, त्यांचें पाणी फरशीवर सांडून तेलाशीं मिसळे. त्याचे डाग कधीं गेले नाहींत.

“त्या कोनाड्यात आणखी काय असायचं?” नातवानें विचारलें.

“साबण,” मिस्त्री म्हणाले. “पण तो एकदाच.” मग आमच्याकडे वळून ते सहज सांगूं लागले, “तुमचं लग्न ठरलं ना, तेव्हाची गोष्ट. उस्तादांनी अंगाच्या साबणाची वडी आणून तिथं ठेवली. रोज संध्याकाळी खड्ड्यातच उभं राहून आधी घासलेटनं हात धुवायचे, मग विटेच्या तुकड्यानं नखं घासायचे, मग साबण. पंधरा दिवस. कातडी सोलवटली, पण काळं काही गेलं नाही. ते काय जातंय? आम्ही पोरं हसायचो. म्हणायचो, उस्ताद, लग्न तुमच्या भावाचं का तुमचं?”

मिस्त्रींना त्यापलीकडचें कांहीं ठाऊक नव्हतें. आम्हांस ठाऊक होतें. आम्ही उठलों आणि आंतल्या खोलींत जाऊन उगीच पुस्तकें चाळीत बसलों. त्या फोटोंतले हात ऐटीनें खिशांत घातलेले नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून काम पुन्हां सुरू झालें. फरशी पक्की चिकटून गेली होती. खड्ड्यासाठीं ती कापावी लागणार होती. “नवीन करूं या का?” असें नातवानें विचारलें. आम्ही “नाहीं” म्हणालों. सत्तर मिलिमीटर लांब व साडेसतरा रुंद अशी चौकट आंखली आणि करवतीच्या पात्यानें कापावयास बसलों. वेरूळचे कारागीर वरून खालीं खोदीत गेले, त्यांचा एक घाव चुकला तर तो भरून काढण्याची सोय नव्हती. आमच्याजवळ निदान फेव्हिकॉल होता. तरीहि हात कांपत होता. खालीं साडेएकतीस मिलिमीटर खोली मिळावी म्हणून सारें गॅरेज एका जुन्या लाकडी पेटीवर चढविलें. पायऱ्या आगकाड्यांच्या केल्या. कोनाडा नातवानें कोरला. आमच्या पांढऱ्याशुभ्र भिंतींवर कोळशाची पूड चोळतांना आम्हांस आधीं वाईट वाटलें, मग वाटेनासें झालें. बुटाचें काळें पॉलिश टर्पेंटाइनमध्यें पातळ करून फरशीवर डाग पाडले. उतरत्या भांजणीचे पाने काढून टेबलावर विस्कटून टाकले. शेवटीं कोनाड्यांत मेणबत्तीच्या मेणाचा, मोहरीहूनहि लहान असा एक गुलाबी कण ठेविला.

“हा दिसणारच नाहीं कोणाला,” नातू म्हणाला. “मग कशाला?”

तेव्हां आम्हीं त्यास सर्व सांगितलें. मुलीचे वडील, त्यांचा प्रश्न, आमचें उत्तर, पलीकडची खोली, फोटो. कांहीं एक झांकून ठेविलें नाहीं. नातवापुढें आपण लहान होऊं ही भीति होती. तो ऐकून थोडा वेळ गप्प बसला. मग त्यानें विचारलें, “तुम्हीं त्यांना कधीं ‘सॉरी’ म्हटलें नाहीं?” आम्ही म्हणालों, “नाहीं.” त्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं; तो टेबलाचा एक पाय डुगडुगत होता तो चिकटवूं लागला. आम्हीं दिवा धरिला.

ज्या शहरास आम्हीं सारी हयात औरंगाबाद म्हटलें आणि २०२३ सालीं ज्याचें नांव छत्रपति संभाजीनगर झालें, तें आज मोटारींचें शहर म्हणून ओळखलें जातें. १९८५ सालीं वाळूज येथें बजाज कंपनीचा कारखाना निघाला. २००१ सालीं शेंद्र्याला स्कोडा गाड्या जुळवूं लागले. आणि २०१० च्या ऑक्टोबरांत येथील मंडळींनीं एकदम सुमारें दीडशें मर्सिडीझ गाड्या घेतल्या, तेव्हां सर्व देशांतील वर्तमानपत्रांनीं त्याची वार्ता छापिली. या भाग्यांत अण्णांच्या गॅरेजचा वांटा कोणी धरणार नाहीं, आणि धरावा असा आमचा आग्रहहि नाहीं. नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर राहिला नाहीं. त्या वर उचलावयास यंत्रें आलीं. खड्ड्यांत उतरण्याची गरज कमी झाली. अण्णांच्या जागीं आतां कांचेच्या दाराचें दुकान आहे, आणि त्याच्या गुळगुळीत फरशीखालीं तो खड्डा बुजलेला असेल. त्याची आठवण राहिली ती एका मिस्त्रींच्या डोक्यांत, आणि आतां आमच्या कपाटावर, फुटास सात मिलिमीटर या मापानें.

सुटी संपण्याच्या आदल्या दिवशीं आमचे एक जुने सहाध्यापक घरीं आले. चाळीस वर्षांचा आमचा त्यांचा स्नेह आहे. कपाटाकडे लक्ष जातांच ते उठून जवळ गेले आणि म्हणाले, “वा! हें कोणाचें हो?”

नातू आमच्याकडे पाहत होता.

“आमच्या वडीलबंधूंचें गॅरेज,” आम्ही म्हणालों. “ते मोटारी दुरुस्त करीत असत. आमचें शिक्षण त्यावर झालें.”

“असें? इतक्या वर्षांत कधीं बोलला नाहींत!”

“नाहीं बोललों,” आम्ही म्हणालों.

नातवानें पुढें होऊन ती पांढरी अँबॅसडर दोन बोटांनीं हळूच मागें सरकविली, आणि त्यांना खड्डा दाखविला.